फिओर्डलँड : प्रवेश फुकट, होडीचे पैसे

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नैऋत्य कोपरा म्हणजे फिओर्डलँड राष्ट्रीय उद्यान. साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, त्यात समुद्रापर्यंत पोचणारा सार्वजनिक गाडीरस्ता एकच. उद्यानाला फाटक नाही की तिकीटखिडकी नाही. १९५२ साली उद्यान झालं तेव्हापासून इथे फिरायला पैसे पडत नाहीत. परदेशी पाहुण्यांकडून इथल्या मिलफर्ड साउंड या खाडीसह देशात चार ठिकाणी माणशी २० ते ४० डॉलर घेण्याचा बेत तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केला आहे. जाण्याचं ठरवाल तेव्हा तो लागू झाला आहे का, एवढं बघून घ्या.

मग सहलीचं बिल इतकं फुगतं कशाने? कडे सरळ पाण्यातून वर गेलेले आहेत. काठाने चालायला जागा नाही, त्यामुळे होडी, बस नाहीतर विमान यांच्याशिवाय बरंचसं दिसतच नाही. फिओर्डलँडमध्ये खिसा रिकामा होतो तो वाहनांवर. कोणतं वाहन घ्यायचं आणि कोणतं सोडायचं हे घरूनच ठरवलं, तर खर्च निम्म्यावर आणता येतो.

पुढचे सगळे आकडे न्यूझीलंड डॉलरमध्ये आहेत. एका डॉलरचे ५० रुपये धरले आहेत, म्हणजे तोंडी हिशेब सोपा जातो. भाव ढोबळ आहेत आणि हंगामागणिक हलतात. फलकावरच्या किमतीत तिथला १५ टक्के जीएसटी धरलेलाच असतो आणि टिप देण्याची रीत नाही, हे दोन दिलासे. मात्र कार्डाने पैसे देताना बरेच दुकानदार दीड-दोन टक्के वरून लावतात. आपली बँक परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के कापते ते वेगळेच. चौघांच्या सहलीत ही गळती काही हजारांची होते, म्हणून चलनफरक न लावणारं कार्ड आधीच काढून ठेवलेलं बरं.

घर सोडण्याआधीचा खर्च

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. ऑक्टोबर २०२४पासून अर्जाचं शुल्क ३४१ डॉलर आणि परदेशी पाहुण्यांवरचा कर १०० डॉलर, मिळून ४४१. म्हणजे माणशी २२ हजार रुपये, तेही विमानाचं तिकीट काढण्याआधी. व्हिसा नाकारला तरी अर्जाचं शुल्क परत येत नाही. त्यामुळे व्हिसा हातात पडेपर्यंत रद्द न होणारी एकही गोष्ट आरक्षित करू नका, मग एजंट ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून कितीही घाई करो. भारतातून न्यूझीलंडला थेट विमान नाही. सिंगापूर किंवा क्वालालंपूरवरून जावं लागतं आणि तिकीट हंगामानुसार लाखाच्या अलीकडे-पलीकडे पडतं.

उतरण्याआधी भरायचं प्रवासी घोषणापत्र मात्र फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतील. ती सरकारी नव्हेत.

त्या घोषणापत्रातला खाण्याचा रकाना आपल्या लोकांना महागात पडतो. आईने डब्यात दिलेले लाडू, चिवडा, मसाल्याची पुडी, सगळं लिहायचं. लिहिलं आणि ते नेता येण्यासारखं नसेल, तर काढून घेतात, दंड होत नाही. लिहिलं नाही आणि सापडलं, तर जागच्या जागी ४०० डॉलर, म्हणजे २० हजारांचा लाडू. मध, ताजी फळं, पेरता येईल असं बी न्यायच्या भानगडीतच पडू नका. बुटांचंही तेच. राजगडाच्या वाटेवरची माती तळव्यांना चिकटलेली असेल तर घरीच ब्रशने घासून काढा. चिखलाचे बूट आणि तंबू हेही जाहीर करावे लागतात.

आता हंगाम. आपल्याकडे परदेशवारी शाळेच्या सुट्टीला बांधलेली असते. मे महिन्यात तिथे हिवाळा दाराशी आलेला असतो. दिवस नऊ-साडेनऊ तासांचा, उंचावर बर्फ, आणि लांबच्या पायवाटांचा मुख्य हंगाम ३० एप्रिललाच संपलेला. पण राहणं आणि होडी दोन्ही स्वस्त, गर्दी नाही. दिवाळीत तिथे वसंत असतो. धबधबे भरलेले, पण मिलफर्डच्या रस्त्यावर हिमकडे कोसळण्याचा धोका अजून पुरता टळलेला नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात मोठ्या दिवसांचा आणि सगळ्यात चढ्या भावांचा काळ. नाताळाच्या सुट्टीत साध्या मोटेलच्या खोलीलाही रात्रीला ३०० डॉलर मोजावे लागू शकतात. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर मार्च गाठा. हवा बरी, दिवस पुरेसा, भाव उतरणीला लागलेले.

मुक्काम कुठे ठोकायचा

बहुतेक सहल कंपन्या क्वीन्सटाउनला मुक्काम देतात आणि मिलफर्ड साउंड एका दिवसात उरकतात. नकाशावर दोन्ही ठिकाणं शेजारीशेजारी दिसतात, पण मध्ये डोंगर आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. एका बाजूचं अंतर जवळपास २९० किलोमीटर. बस सकाळी सातला निघते, रात्री आठ-नऊला परत येते आणि त्यातले दोन तास होडीत जातात. होडीसकट याचे माणशी २२० ते ३०० डॉलर होतात.

टे आनाऊ हे गाव उद्यानाच्या उंबरठ्यावर, तळ्याकाठी आहे. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर, गाडीने दोन तास. वाटेत थांबत गेलात तर चार. चौघांचं गणित मांडून बघू. क्वीन्सटाउनहून बसने सरासरी २५० धरले तर एका दिवसाचे हजार डॉलर. मुलांचं तिकीट कमी असतं, तेवढे वजा करा. टे आनाऊला दोन रात्री राहिलात तर मोटेलचे ४४०, तीन दिवस गाडीचे २७०, पेट्रोलचे १३०, होडीचे चौघांचे ४८०, एकूण १,३२०. वरवर पाहता हे महाग. पण यात दोन रात्रींचं राहणं आलं, आणि क्वीन्सटाउनला त्याच दोन रात्रींना याहून जास्त मोजावे लागले असते. वर तीन दिवस गाडी हाताशी. दोघेच असाल आणि गाडी चालवायची नसेल, तर बस टे आनाऊहून पकडा. तिकीट कमी लागतं आणि पाच तासांची बैठक वाचते.

गाडी चालवणं आपल्याला परकं नाही. तिथेही डावीकडूनच चालवतात आणि इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स पाहुण्याला चालतं. खबरदारी वेगळ्या गोष्टींची घ्यायची. टे आनाऊ सोडताना टाकी भरून घ्या, पुढच्या रस्त्यावर पेट्रोलपंपाची आशा ठेवू नका. मोबाइलची रेंजही वाटेत जाते, म्हणून होडीचं तिकीट आणि नकाशा आधी उतरवून ठेवा. होमर बोगदा सव्वा किलोमीटरचा आहे आणि खडकातून कोरलेला. १९३५मध्ये हात घातलेलं हे काम पुरं व्हायला जवळपास दोन दशकं लागली. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबावं लागतं. तिथे किया नावाचे डोंगरी पोपट गाडीवर येऊन बसतात आणि खिडक्यांचं रबर ओढून काढतात. गोंडस दिसतात, पण त्यांना काही खायला घालू नका, आणि गाडी परत देताना त्या रबराचे पैसे आपल्याकडूनच घेतात हेही ध्यानात ठेवा. मे ते नोव्हेंबरमध्ये चाकांना लावायच्या साखळ्या जवळ ठेवण्याची सक्ती होऊ शकते. भाड्याने ३० ते ५० डॉलरला मिळतात.

मिलफर्डला पोचल्यावर गाडी लावायचे पैसे वेगळे, मुख्य तळावर तासाला १० डॉलर या हिशेबाने. होडीच्या आधी अर्धा तास आणि नंतर थोडं रेंगाळणं धरलं तर ३० डॉलर गेले म्हणून समजा. मिलफर्डलाच राहायची हौस असेल तर जागा मोजक्या आणि भाव टे आनाऊच्या कितीतरी वर. त्यापेक्षा रस्त्यालगत एग्लिंटन खोऱ्यात संवर्धन खात्याची तंबूतळं आहेत, माणशी १५-२० डॉलरमध्ये रात्र निघते. नळ, संडास आणि आकाश, एवढीच सोय. तळ सोडून रस्त्याकडेला कुठेही गाडीत झोपायचा विचार मात्र करू नका; दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो.

मिलफर्ड की डाउटफुल?

मिलफर्ड साउंड साधारण १६ किलोमीटर लांब. दीड-दोन तासांची होडी खुल्या समुद्राच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते. तिकीट १०० ते १७० डॉलर, आणि हा फरक मुख्यतः वेळेचा आहे. क्वीन्सटाउनच्या बसगाड्या दुपारी पोचतात, त्यामुळे बारा ते दोनच्या होड्या सगळ्यात महाग आणि सगळ्यात भरलेल्या. टे आनाऊला राहणारा माणूस सकाळी नऊची किंवा दुपारी तीननंतरची होडी घेऊ शकतो. तीच खाडी, तेच कडे, माणशी तीस-चाळीस डॉलर कमी आणि कठड्याशी उभं राहायला जागा. जेवणासकट तिकीट घेऊ नका. जेवायला आत बसलात की बाहेरचं चुकतं आणि शाकाहारी माणसाच्या ताटात बटाटे आणि पाव याखेरीज फारसं काही पडत नाही.

पावसाचा अंदाज बघून तारखा बदलणारे पुष्कळ भेटतात. मिलफर्डला वर्षाला ६,४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो आंबोलीच्या पंगतीला बसणारा, पण चार महिन्यांत आटोपता घेत नाही, बारा महिने पुरवून पडतो. तिथे कायमचे मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. बाकी शेकडो धारा पाऊस लागल्यावर जन्मतात आणि उघडीप मिळाली की काही तासांत आटतात. होड्या पावसात बिनधास्त जातात. तेव्हा पाऊस आहे म्हणून होडी पुढे ढकलण्याचे पैसे भरू नका. शंभर डॉलरची होडी पावसातच वसूल होते.

डाउटफुल साउंडचा मामला निराळा. तिथे बाहेरच्या जगाला जोडलेला रस्ताच नाही. मानापोरी गावाहून आधी तळ्यातून होडी, मग बसने विल्मट खिंड ओलांडायची, मग खाडीतली होडी, आणि याच वाटेने परत. १९६०च्या दशकात तळ्याच्या पश्चिम टोकाला भूगर्भात वीजकेंद्र खोदलं गेलं, त्याच्या अवजड सामानासाठी खिंडीतला रस्ता झाला. प्रवासी आज त्याच रस्त्याने जातात. सगळा मिळून सात-आठ तासांचा दिवस, तिकीट २५० ते ३३० डॉलर. होडीवर रात्र काढायची तर माणशी ५००च्या पुढे, खोली चांगली हवी तर दुप्पट.

दोन्हींतलं एकच परवडत असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने मिलफर्ड घ्यावं. कडे जवळ आहेत आणि रस्ता स्वतःच अर्धी सहल आहे. मात्र पैसे असतील आणि गर्दीचा कंटाळा असेल, तर डाउटफुलला तोड नाही. चाळीस किलोमीटरची खाडी, बाटलीनाक्या डॉल्फिनांचा कायमचा वस्तीला असलेला कळप, आणि इंजिन बंद केल्यावर माणसाचा म्हणून एकही आवाज नाही. तिथली किंमत होडीपेक्षा त्या दूरपणाची आहे आणि ती वाजवी आहे. वीस मिनिटांनी मोबाइल चाळायला लागणारी मुलं बरोबर असतील, तर मात्र हे पैसे वाचवा.

कायकवरून मिलफर्ड बघायला १५० ते २५० डॉलर लागतात. वल्ही, तरंगजॅकेट, पाण्यात घालायचे कपडे, वाटाड्या, सगळं त्यात आलं. पोहता येण्याची अट सहसा नसते, पण मुलांना वयाची अट असते, ती आरक्षण करतानाच विचारा. तरुण जोडप्याने मोठ्या होडीचं तिकीट न काढता हेच घ्यावं, दोन्ही घेऊ नये.

टे आनाऊच्या तळ्यापलीकडची काजवागुहा ११० ते १३० डॉलरला पडते. अंधारात लहान बोटीत बसून छतावरचे चमकणारे किडे बघायचे. आत फोटो काढायला मनाई. उत्तर बेटावर वायटोमोला जाणार असाल तर इथे पुन्हा खर्च नको. नसाल, आणि बाहेर मुसळधार कोसळत असेल, तर संध्याकाळ चांगली जाते.

उरलं विमान. क्वीन्सटाउनहून उडायचं, मिलफर्डला होडीत बसायचं, उडतच परतायचं. माणशी ५५० ते ८००. म्हणजे २७ ते ४० हजार रुपये. वरून दिसणारी हिमशिखरं अप्रतिम असतात, यात वाद नाही. पण ढग उतरले की विमान रद्द होतं, आणि तिथे ढग उतरणं रोजचंच आहे. पैसे पूर्ण परत मिळतात की बस पुढे करतात, हे लेखी विचारल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

पायी फिरण्याला पैसे पडत नाहीत

मिलफर्डच्या रस्त्यावर ‘द डिव्हाइड’ नावाचा थांबा आहे. तिथून की समिटची वाट चढते. ९०० मीटरपेक्षा थोडी जास्त उंची, जाऊन-येऊन तीन तास. वर पोचल्यावर तीन खोरी एकदम दिसतात. जवळच लेक मॅरियनची वाट आहे, तीही तीन तासांची, पण मुळं आणि दगडांमुळे जास्त खडबडीत. सिंहगड चढणाऱ्या माणसाला की समिट जड नाही. दोन्ही फुकट आहेत, आणि शंभर डॉलरच्या कुठल्याही तिकिटापेक्षा मी त्या वर ठेवीन.

टे आनाऊ गावातच तळ्याकाठी पक्षिसंगोपन केंद्र आहे. तिथे दानपेटी आहे, तिकीट नाही. ताकाहे हा निळा-हिरवा, न उडणारा पक्षी नामशेष झाला असं धरलं होतं; १९४८मध्ये तो समोरच्याच मर्चिसन डोंगरात जिवंत सापडला. इथे तो हाताच्या अंतरावर दिसतो. गावातून केपलर ट्रॅक या लांबच्या पायवाटेवर तळ्याकाठाने हवं तितकं चालून परतता येतं. लक्समोर झोपडीपर्यंत जाऊन यायला पूर्ण दिवस लागतो. पाण्यावरच्या टॅक्सीने ब्रॉड बेपर्यंत गेलात तर थोड्याच डॉलरमध्ये सपाटीची चाल वाचते आणि पाय चढणीसाठी ताजे राहतात.

फुकटातही एक खर्च टळत नाही, तो सँडफ्लायवरच्या मलमाचा. ही चिलटं मच्छरांहून बारीक आणि चावा आठवडाभर खाजणारा. मलमाला १५-२० डॉलर पडतात. ते टे आनाऊला घ्या, मिलफर्डला नको.

चार दिवसांची वाट

मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरचा. हंगामात एकाच दिशेने चालायचं, स्वतंत्र चालणाऱ्यांना दिवसाला ४० जागा. आरक्षण उघडतं त्या सकाळीच हंगाम संपतो. परदेशी माणसाला झोपडीत रात्रीला १००च्या वर डॉलर पडतात, स्थानिकांपेक्षा बरेच जास्त. तीन रात्रींचे ३००हून अधिक, दोन्ही टोकांच्या होड्या आणि बस मिळून आणखी २००च्या वर, आणि शिधा. माणशी ६०० डॉलर, म्हणजे ३० हजार रुपये हाताशी ठेवा. झोपडीत बिछाना, हंगामात गॅसची शेगडी, पाणी आणि संडास असतो. भांडी, पांघरूण आणि अन्न आपलं. कचरा पाठीवर बांधून परत आणायचा. वाटाड्या, ऊन पाण्याची अंघोळ आणि तयार जेवण हवं असेल, तर त्याच वाटेचे अडीच हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात.

नावाचा सोस नसेल तर केपलर ट्रॅक धरा. ६० किलोमीटरचं कडं, सुरुवात आणि शेवट टे आनाऊजवळ एकाच जागी, त्यामुळे होडी-बसचा खर्च जवळपास शून्य. जागाही तुलनेने सहज मिळते. सह्याद्रीत दोन दिवसांची सलग चाल केलेल्याला जमेल. फक्त डोंगरमाथ्यावरचा वारा खेळ नव्हे हे ध्यानात ठेवून निघायचं. आणीबाणीत उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र काही दिवसांसाठी ३०-४० डॉलर भाड्याने मिळतं. फोन चालत नाही तिथे ते जवळ हवंच. अपघातात जखमी झालेल्या पाहुण्याच्या उपचारांचा खर्च न्यूझीलंडची सरकारी योजना बराचसा उचलते, आजारपणाचा नाही. म्हणून प्रवासविमा टाळू नका.

दोघांनी टे आनाऊला तीन रात्री काढल्या तर मोटेल ६००, चार दिवस गाडी ३२०, पेट्रोल १५०, मिलफर्डची होडी २६०, गाडीतळ ३०, बाजारातून आणून रांधलेलं आणि एकदा बाहेरचं जेवण मिळून ३००, मलम २०. एकूण १,६८० डॉलर, ८४ हजार रुपये. डाउटफुल धरलं तर आणखी ५८०, म्हणजे २९ हजार. व्हिसा आणि विमान वेगळं. कात्री लावायची झाली तर विमानफेरीला लावा, काजवागुहेला लावा, दुपारच्या होडीला लावा. तिसरी रात्र कापू नका. हिमकड्यांमुळे रस्ता एक दिवस बंद राहिला, तर मिलफर्ड बघायला तेवढाच दिवस हातात उरतो.